भाग दुसरा, आवृत्ती तिसरी

आमचं गाव एका सकाळी साक्षर झालं. न्याहारीनंतर सुरुवात झाली आणि जेवणाच्या आत गाव साक्षर होऊन मोकळंसुद्धा झालं. मी तिथे उभा होतो, म्हणून सांगतो.

गाव मेहकर तालुक्यातलं. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि जिकडेतिकडे मोहिमा चालल्या होत्या. देवळाच्या मंडपात गावातली मोठी माणसं ओळीनं बसवली होती, बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला, आणि प्रत्येकाच्या हातात मोहिमेचं पहिलं पुस्तक. जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी एका म्हाताऱ्याला उठवून वाचायला सांगितलं. म्हाताऱ्यानं पुस्तक तोंडासमोर धरलं आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "गणा, गवत आण. गाय घरी आली." साहेब खूश झाले. त्यांनी पुढचं पान काढून दिलं. म्हातारा तितक्याच जोमानं म्हणाला, "गणा, गवत आण. गाय घरी आली." त्या पानावर विहिरीचं चित्र होतं. साहेबांनी ते पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या गळ्यात हार घातला. सगळ्यांनी शपथ घेतली, गुलाल उडाला, फोटो निघाला. आमच्या शाळेतले एकुलते एक गुरुजी मात्र पूर्ण वेळ जमिनीकडे बघत होते. चार महिने दिवसा पोरांना आणि दिवेलागणीनंतर पोरांच्या आईबापांना शिकवून त्या माणसाचा आवाज बसला होता.

माझा अक्षराला विरोध नाही. फसवणुकीला आहे. मोहिमेचं पहिलं पुस्तक जोडाक्षरांच्या आधीच संपत होतं. जोडाक्षरं दुसऱ्या पुस्तकात होती आणि दुसरं पुस्तक गावात आलंच नाही. म्हणजे आमच्या साक्षर गावाला काय वाचता येत होतं? 'गवत' येत होतं, 'रस्ता' येत नव्हता. 'घर' येत होतं, 'हक्क' येत नव्हता. ज्यांना तेवढंही येत नव्हतं त्यांना पाठ होतं. यालाच साक्षर म्हणायचं असेल तर पोपटालाही हार घाला. मी असं तिथल्या तिथं बोललो तेव्हा सरपंचांनी मला दंडाला धरून मंडपाबाहेर नेलं आणि म्हणाले, "तू जरा चूप बस बे. साहेबाचं जेवन होऊन जाऊ दे."

मी तेव्हा एका संघटनेचं काम करत होतो. काम म्हणजे पत्रकं लिहायची, खामगावला छापून आणायची, खळीची बादली घेऊन भिंतींवर चिकटवायची आणि बाजाराच्या दिवशी ओरडून वाचायची. घरी भाजीपाल्याचा मळा होता; वांगी, मिरची, मेथी. मळा माझा मोठा भाऊ आणि वहिनी बघत. मी मोर्चे बघत असे. दादाला त्याचं फार सुखदुःख नव्हतं. वहिनी मात्र तोंडावर बोलायची, "भाऊजी, तुमच्या बादलीतली खळ तरी कामाची हाय. भाकरीसंगं खाता येते."

ही वहिनी गुरुजींच्या रात्रीच्या वर्गाला जायची. सगळ्याजणी जायच्या म्हणून जायची. पण बाकीच्यांनी पान पाठ केलं आणि हिनं केलं नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिला पाठच होत नसे. ओव्या सोडून तिच्या डोक्यात काही राहत नसे. म्हणून तिला दर वेळी अक्षरं नव्यानं बघावी लागत, आणि अशी बघता बघता ती तिला खरोखरच यायला लागली. गुरुजी मला एकदा म्हणाले, "चाळीसात एक. माझ्याकडून एवढंच झालं." मी म्हटलं, "मग बाकीच्यांची नावं कशाला पाठवली?" ते म्हणाले, "न पाठवून नोकरी करू कुठं?"

मोहिमेबरोबर गावात पुस्तकांची एक फिरती पेटी आली होती. पत्र्याची, हिरवा रंग दिलेली. नवसाक्षरांनी वाचावं म्हणून. तीत काय होतं? कंपोस्टचा खड्डा कसा खणावा, माशा कशा मारतात, पैसे शिल्लक कसे टाकावेत. सगळी पुस्तकं बोटाएवढ्या जाडीची आणि पानापानावर हसणारा शेतकरी. आणि या सगळ्यांच्या खाली, कुण्या भल्या गृहस्थानं घर साफ करताना दान केलेली, एक जाडजूड अद्भुत कादंबरी. पुठ्ठा निघालेला. आतल्या पानावर लिहिलं होतं, 'तीन भागांत संपूर्ण'. खाली: 'भाग दुसरा'.

वहिनीनं ती उचलली. मी म्हटलं, "वहिनी, पातळ घ्या आधी एखादं."

"पातळ पुस्तकात काय असनार हाय? पातळ वरन," ती म्हणाली. "हेच घेतो. लय दिवस पुरन."

गुरुजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, वाचू द्या. मला हे मुळीच पसंत नव्हतं. राजेरजवाडे गेले, जहागिऱ्या गेल्या, आणि आमच्या घरातली एकुलती एक वाचणारी बाई राजपुत्राची गोष्ट वाचणार! आमच्या संघटनेत अशा पुस्तकांना आम्ही अफू म्हणत असू. मी ते घरी बोलून दाखवलं. दादा म्हणाला, "अफूचं पीक बरं येते म्हन्तात."

पहिल्याच पानावर पहिलं वाक्य होतं: 'पूर्वभागात कथिल्याप्रमाणे'. वहिनीला ते दोन दिवस लागलं. तिसऱ्या दिवशी ती मला मळ्यात म्हणाली,

"पूर्वभागात म्हंजे कोठी?"

"याच्या आधीच्या पुस्तकात."

"ते कोनापाशी हाय?"

"कुणाला माहीत?"

तिनं थोडा विचार केला. "म्हंजे आपन लग्नाले गेलो अन् अक्षता पडून गेल्या. कोन नवरा, कोन नवरी, मालूम नाई. आता पंगतीतच बसाचं."

ती पंगतीत बसली. दुपारी भाकर खाल्ली की विहिरीवरच्या आंब्याखाली पुस्तक मांडीवर घ्यायची. पुस्तकाला आधी हात जोडायची, कारण तिनं आजवर पाहिलेलं जाड पुस्तक म्हणजे पोथी. वाचायचीही पोथीसारखीच, मोठ्यानं. मी म्हटलं, मनात वाचा. तर म्हणे, "मनात वाचलं तं ऐकू कोनाले येइन?" निंदायला आलेल्या बाया आजूबाजूला आडव्या व्हायच्या. एकेक अक्षर सुटं, मग जोडलेलं, मग पूर्ण शब्द, मग मागचं सगळं वाक्य पुन्हा. एका ओळीला आमचे बैल मोटेची एक खेप करून यायचे.

गोष्ट अशी होती: एका राजकन्येची सावली कुणी मांत्रिकानं कापून नेली होती आणि अधांतरी लटकणाऱ्या किल्ल्यात, एका रांजणात कोंडून ठेवली होती. सावली नाही म्हणून ती बाई उन्हात उभी राहू शकत नव्हती. कुणी पाहिलं असतं तर तिला गावाबाहेर काढलं असतं. म्हणून ती दिवसभर आत बसायची आणि एक राजपुत्र रांजण शोधत फिरायचा. वाटेत एक रान होतं, त्यातली झाडं म्हणजे पूर्वी गेलेल्या सैन्यातली माणसं. सावली का कापली, कुणी कापू दिली, हे पहिल्या भागात होतं. ते आम्हाला कधीच कळलं नाही. निंदणाऱ्या बायांनी आपापसात ठरवून टाकलं की सावत्र सासूनं केलं असणार.

जोडाक्षर आलं की वहिनीची गाडी थांबायची. पहिल्या पुस्तकानं तिला तिथंच सोडलं होतं. आणि अद्भुत कादंबरीत जोडाक्षरांशिवाय असतं काय? अक्राळविक्राळ, प्रक्षुब्ध, अदृश्य. ती बोट ठेवून मला हाक मारायची आणि मी मिरच्यांच्या वाफ्यातून तिथं जायचो. 'तत्क्षणी' हा शब्द तिला पहिल्यांदा कुणाच्या मदतीवाचून लागला, तो दिवस मला आठवतो. दिवसभर तिनं तो सोडला नाही. "भाऊजी, तत्क्षणी जेवाले या." "अहो, तत्क्षणी मोटेवर जा, पानी वाहून जाऊन राह्यलं." शेवटी दादाही मला म्हणाला, "तत्क्षणी बैल सोड बे, नाहीतं तत्क्षणी देतो एक."

मी तिच्या हातात आमचं पत्रक देऊन पाहिलं. धान्याच्या भावावरचं होतं. चांगलं कडक लिहिलेलं. तिनं अर्धं वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. "चांगलं हाय. पन ह्यात कोनी कोठी जात नाई."

आता खरी गोष्ट. समारंभानंतर महिन्याभरात गुरुजींना तालुक्याहून निरोप आला: पेटी पुढच्या गावाला पाठवा. वहिनीचं पुस्तक तेव्हा अर्ध्याच्या थोडं पुढे गेलं होतं. पोथी अर्धी सोडत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सुरू केलेली पोथी समाप्तीला न्यावी लागते, नाहीतर लावूच नये. "आता काय करता, भाऊजी?" तिनं विचारलं. ती मला कधी काही मागत नसे. मी बादली ठेवली आणि मेहकरला गेलो.

कचेरीतले साहेब चांगले होते. हे मला नेहमीच जास्त चीड आणतं. वाईट माणसाशी भांडता येतं.

"तुमचं गाव साक्षर झालेलं आहे," ते म्हणाले. "पेटी आता निरक्षर गावाला जाणार."

"निरक्षर गाव पुस्तकांचं काय करणार?"

"तिथं वर्ग सुरू होतील ना."

"मग वर्ग संपून लोक वाचायला लागले की?"

"की पेटी पुढच्या गावाला."

"म्हणजे वाचता येत नाही तोवर पुस्तकं, आणि वाचता आलं की पुस्तकं बंद?"

साहेबांनी डोळे मिटून उघडले. "तुम्ही याला असं उलटं का धरता? एवढ्या गावांना एवढ्याच पेट्या आहेत."

"बरं, जोडाक्षरांचं दुसरं पुस्तक?"

"छापायला गेलंय."

"कधी येणार?"

"चहा घेता का?"

मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला. साहेबांनी शिपायाला फडकं आणायला सांगितलं आणि मला म्हणाले, "तुमच्यासारख्या तरुणांनीच खरं तर हे काम पुढं न्यायला पाहिजे." मी बाहेर आलो तेव्हा माझ्या हातात काय होतं? काहीही नव्हतं. पेटी पंधरवडाभर थांबवण्याचं तोंडी आश्वासन, तेही 'बघतो' या शब्दात.

मी पत्रक काढलं. मथळा दिला: 'साक्षरतेचे श्राद्ध'. संघटनेतले वरचे लोक म्हणाले, हा आत्ताचा प्रश्न नाही, आत्ताचा प्रश्न भावाचा आहे. मी पदरचे घालून छापलं आणि गावात भिंतीभिंतीवर लावलं. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, लोक घाबरले. मग लक्षात आलं: सबंध पत्रक जोडाक्षरांनी भरलेलं होतं. गुरुजी सोडले तर गावात ते वाचू शकेल असं एकच मोठं माणूस होतं आणि ते भिंतीसमोर उभं राहून मला विचारत होतं, "श्राद्ध? कोनाचं हो, भाऊजी?"

पंधरवडा संपला. पेटी जायला निघाली.

पेटीला गाडी कुणाची द्यायची? आमचीच. पेटीचं पुढचं गाव साखरखेर्ड्याच्या वाटेवर होतं आणि त्या दिवशी तिथला बाजार असल्यामुळे दादा तसाही निघणार होता. गाडीत वांग्याच्या टोपल्या, मिरचीचं पोतं, हिरवी पेटी, आणि पेटीला टेकून वहिनी. तिची शेवटची काही पानं राहिली होती. गुरुजींनी पेटीला कुलूप लावलं, पण पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. म्हणाले, "तिथं पोचेपर्यंत पुस्तक पेटीतलंच आहे. आत नसून वर आहे, एवढंच."

ती वाचत होती, गाडी हिंदकळत होती. बोट ओळीवरून घसरायचं, मागची ओळ पुन्हा यायची. राजपुत्र तीच पायरी तीन-तीनदा चढायचा. दादानं मागे वळून एकदाही पाहिलं नाही. पण मी त्याचे हात बघत होतो. त्यानं कासरा ओढून धरला होता. बैल चालत होते की उभे होते हे ओळखू येत नव्हतं. बाजाराला जाणाऱ्या चार गाड्या आम्हाला ओलांडून गेल्या. एका गाडीवाल्यानं ओरडून विचारलं, "काऊन हो, बैल बिमार हाय का?"

"बैल नाई," दादा म्हणाला. "बायको पोथी वाचून राह्यली."

"कोन्ती पोथी?"

"मले काय मालूम? राजपुत्र वर चढून राह्यला. चढला की हाकतो."

राजपुत्र चढला. किल्ल्यात शिरला. रांजणांची ओळ होती, त्यातला नेमका रांजण त्याला सापडला. गाव दिसायला लागलं होतं. शाळेचे पत्रे चमकत होते. वहिनीचा आवाज चिरकला. 'थरथरत्या हातांनी त्याने झाकण अर्धे उचलले, तोच', आणि ती थांबली. पान उलटलं. पुन्हा वाचू लागली: "के-श-व-र्ध-क. केशवर्धक. सु-गं-धी." मला म्हणाली, "मंग काय राजकन्येनं डोक्याले तेल लावलं का?"

मी पुस्तक हातात घेतलं. ती तेलाची जाहिरात होती. तिच्या आधीच्या पानावर, खाली, बारीक अक्षरात, 'दुसरा भाग समाप्त. पुढील वृत्तांत तिसऱ्या भागी.'

दादानं विचारलं, "निघाली का सावली?"

वहिनीनं पुस्तक मिटलं. तो बैलांना हाकू लागला.

त्या गावच्या मास्तरांनी पेटी उतरवून घेतली. पुढे कळलं की तिथे वर्ग सुरूच झाला नाही. पेटी शाळेच्या माळ्यावर गेली आणि तिच्यावर वेताच्या छड्या ठेवायला लागले.

वहिनीनं त्या दिवशी बाजारात वांगी पडेल त्या भावानं दिली. परतताना मला म्हणाली, "तिसरं भेटन का?" मी म्हटलं, भेटेल. छापलेली गोष्ट आहे, तीन भागांत संपूर्ण म्हणून लिहिलंय, जाईल कुठं? मी ते मनापासून म्हटलं. छापलेल्या शब्दावर माझा तेव्हा फार विश्वास होता. माझा धंदाच तो होता.

मेहकरात नव्हतं. खामगावच्या छापखानेवाल्यानं अकोल्याला विचारलं, तिथं नव्हतं. मग आमच्या संघटनेतला एकजण शिबिरासाठी पुण्याला निघाला. गडी शिकलेला, सभेत तासतास बोलणारा, तोंडानं तिखट. त्याला मी कादंबरीचं नाव सांगितलं आणि बजावलं, "तिसरं आण. बाकी काही नको. तिसरं."

"तू अन् कादंबरी?" तो म्हणाला. "बरा हाय ना बे?"

"वहिनीसाठी आहे."

"वहिनीसाठी असन तं लुगडं आन म्हन, मी समजलो असतो."

तो आठ दिवसांनी आला तो सरळ मळ्यातच. कागदात गुंडाळलेलं पुस्तक त्यानं वहिनीच्या हातात दिलं, ओवाळणी टाकावी तसं. नवं कोरं, पुठ्ठ्यावर रंगीत किल्ला. वहिनीनं हात लुगड्याला पुसले, पुस्तकाला हात जोडले, आंब्याखाली बसली आणि पहिलं पान काढलं. निंदणाऱ्या बाया खुरपी टाकून आल्या.

"पूर्वभागात कथिल्याप्रमाणे," वहिनीनं वाचलं. झरझर, एका दमात. मग तिनं बोट उचललं.

"हे तं तेच हाय."

मी पुस्तक ओढून घेतलं. पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरात होतं, 'आवृत्ती तिसरी'. आणि त्याच्या खाली, किल्ल्याच्या दगडात मिसळून गेलेलं, 'भाग दुसरा'.

"अरे, ही आवृत्ती आहे! भाग नाही, आवृत्ती!"

"तिसरी लिवलं हाय ना?" तो म्हणाला. "हे काय, तिसरी. तू तिसरं म्हनलास."

"दुकानदारानं काही सांगितलं नाही?"

"तो लय शहाना होता. म्हने, तिसरा भाग निघालाच नाई, लेखक दोन लिहून वारला. मी म्हनलं, मंग हे काय हाय? पाह्य डोळे फाडून, तिसरी लिवलं हाय का नाई? तुले वाचता येत नाई का? चूप बसला मंग. गुमान बांधून देल्लं त्यानं."

तो हे अभिमानानं सांगत होता. पुण्याच्या दुकानदाराला त्यानं वाचायला शिकवलं होतं. बाया त्याच्याकडे बघत होत्या, मग वहिनीकडे. एक म्हणाली, "वारला म्हन्तो तो? मंग पोरीची सावली?"

वहिनी म्हणाली, "राह्यली तेथीच."

बाया उठल्या. त्या पठ्ठ्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काऊन बे, कोनी मेलं का?"

काही दिवस तिनं तेच पुस्तक पुन्हा वाचलं. आता तिचं वाचणं भरभर होतं. मला हाक मारावी लागत नव्हती. मला वाटलं, चला, अक्षर तरी टिकलं. पण एके दुपारी बघितलं तर पुस्तक नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "कितीक खेपा त्याच झाकनापाशी जाऊन वापस यायचं, भाऊजी? मालूम हाय ना आता, पुढं तेल हाय म्हनून."

दुसरं काही वाचायला घरात काय होतं? काहीच नव्हतं. गावात काय होतं? खताच्या दुकानाची पाटी आणि माझी पत्रकं. राज्यानं तिला तहान लावली आणि विहीर दुसऱ्या गावाला नेली. ती तिथंही बुजवली. मी हे सभांमधून बोललो. टाळ्या पडल्या. टाळ्यांचं पुस्तक होत नाही.

तेव्हा मी तिसरा भाग लिहायला बसलो. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर, मोठ्या सुट्या अक्षरांत, ओळींमध्ये जागा सोडून. लिहिणं मला अवघड नव्हतं. मी एका रात्रीत सहज पत्रक लिहीत असे. पण हे जड गेलं. आठवडाभर गेलो नाही कुठं. झाकण उघडताच गडगडाट होतो, रानातली झाडं पुन्हा माणसं होतात, किल्ल्यावर चालून जातात, मांत्रिकाला खाली खेचतात, तळघरातलं धान्य गोरगरिबांना वाटतात. मला ते लिहिताना अंगावर काटा आला. सुईदोऱ्यानं शिवून मी ते वहिनीला दिलं. काय आहे ते सांगितलंही, फसवायचं नव्हतं. "लेखक गेला, म्हणून मी लिहिलं."

तिनं दादासमोर, जेवणं झाल्यावर, मोठ्यानं वाचायला घेतलं. दादा सुपारी कातरत होता.

"तेव्हा राजपुत्र उंच दगडावर उभा राहून म्हणाला, बंधूंनो आणि भगिनींनो..."

दादाची सुपारी हातातून पडली. "सभा घेऊन राह्यला का बे तो?"

"तुम्ही ऐकून तं घ्या," वहिनी म्हणाली, आणि वाचत राहिली. मांत्रिक खाली आला. धान्य वाटलं. सगळ्यांना सारखं मिळालं. जयजयकार झाला. तिनं शेवटचं पान उलटून पाहिलं, मागं पत्रकाचा मथळा होता. पुन्हा सरळ केलं.

"अन् सावली?"

मी पडलेली सुपारी उचलून दादाला दिली.

"तिची सावली कोठी गेली, भाऊजी? झाकन तं उघडलं तुमी."

मी सावली विसरलो होतो. राज्य मुक्त केलं होतं, भाव ठरवून दिला होता, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती बाई तशीच आत बसली होती. मी म्हटलं, "मिळाली असणार. सगळ्यांना सगळं मिळालं, त्यात तिलाही मिळाली."

"असनार म्हंजे? लिवलं काऊन नाई मंग?"

"आता लिहितो."

"नोको." तिनं कागद सारखे केले आणि माझ्या पुढ्यात ठेवले. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला सुटका नव्हती. "तुमाले मालूम नाई. मालूम नाई तं तसं सांगा. हे तुमचं पत्रक हाय."

"मग तुम्हीच सांगा, पुढं काय झालं असेल."

"मी काऊन सांगू? मी काय लिवनारी हाय का? वाचनारी होतो मी."

होतो, म्हणाली. हाय नाही म्हणाली.

त्यानंतर मिरचीची तोडणी आली, मग गव्हाचं पाणी, मग तिच्या माहेरचं लग्न. तिनं वाचन सोडलं असं ती कधी म्हणाली नाही. कुणी सोडतं असं म्हणून? पुण्याहून आलेलं पुस्तक तिनं देवळीत गणपतीच्या मागं ठेवून दिलं होतं. दसऱ्याला त्यावर झेंडूचं फूल पडायचं. मी एकदोनदा वर्तमानपत्र आणून दिलं. तिनं ते चाळलं, चित्रं पाहिली, शेंगा वाळत घातल्या. मी भांडलो. "वहिनी, जाईल ना सगळं!" ती म्हणाली, "जाऊ द्या. गेलं तं गेलं. वाफ्यात पानी सोडा."

तालुक्याच्या अहवालात आमचं गाव साक्षरच राहिलं. जोडाक्षरांचं दुसरं पुस्तक अजून छापून आलेलं नाही. मी तीनदा चौकशी केली. साहेब तीनदा बदलले. चहा तिन्ही वेळा आला. हे लिहिताना मला कुणी विचारेल, की बाबा, एका बाईनं एक जादूची कादंबरी पुरी केली नाही, यात चळवळीचा काय प्रश्न? माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. पत्रकात बसेल असं तर नाहीच नाही.

मागच्या उन्हाळ्यात साखरखेर्ड्याच्या बाजारातून मी आणि वहिनी परत येत होतो. दादाचा एक बैल लंगडत होता म्हणून गाडी आणली नव्हती. रिकाम्या टोपल्या एकात एक घालून आम्ही एस.टी.च्या थांब्यावर उभे होतो. धूळ उडवत एक गाडी आली आणि आमच्यासमोरच थांबली. समोर काचेच्या वर पाटी, पांढऱ्यावर काळी, हातभर अक्षरांची.

"कोन्ती मोटर हाय, भाऊजी?" वहिनीनं विचारलं.

मी तिला वेळ दिला. माणसं चढत होती, उतरत होती. ती पाटीकडे बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती, मी सांगेन म्हणून, जसं दुसऱ्या कुणीही पाहिलं असतं. कंडक्टरनं दोरी ओढली.

"मेहकर," मी म्हणालो.

"मंग सांगत काऊन नाई लवकर?" ती म्हणाली, आणि टोपल्या माझ्या हातात देऊन वर चढली.